रेसलिंग कानांनी पाहा: कॉमेंट्री आणि पडद्यामागची गोष्ट कळण्यासाठी नव्या प्रेक्षकांना मार्गदर्शक

आमच्या पिढीच्या हातात रेसलिंग आधी आलं ते ट्रम्प कार्डांच्या रूपात. उंची, वजन, छाती, दंड, रँक. सामने टीव्हीवर लागायचे तेव्हा आवाज बारीक ठेवूनच बघावे लागायचे, आणि ठेवला असता तरी त्या वेगातलं इंग्रजी आम्हाला कळलं नसतं. टेबलामागे बसून ओरडणारी ती दोन माणसं म्हणजे मागचा गोंगाट, एवढीच माझी समजूत होती. पुढे कॉलेजात असताना एक जुनी लढत हेडफोन लावून पाहिली आणि लक्षात आलं, की लहानपणी मी अर्धीच गोष्ट पाहिली होती. उरलेली अर्धी त्या टेबलावरून सांगितली जात होती.

हा लेख नव्याने रेसलिंग बघायला लागलेल्यांसाठी आहे, आणि ‘यात बघण्यासारखं काय असतं’ असं मनापासून विचारणाऱ्यांसाठीही. मला हे कळायला बरीच वर्षं लागली. तुम्हाला एक-दोन महिने पुरतील.

सुरू करण्याआधी काय लागेल

- नेटफ्लिक्सचं खातं. डब्ल्यूडब्ल्यूई या अमेरिकन रेसलिंग कंपनीचे रॉ, स्मॅकडाउन, एनएक्सटी हे दर आठवड्याचे कार्यक्रम आणि मोठे कार्यक्रम भारतात एप्रिल २०२५ पासून तिथे दिसतात. जुन्या गाजलेल्या लढतींपैकी बऱ्याच कंपनीच्या अधिकृत यूट्यूब चॅनेलवर सापडतात.
- हेडफोन. मोबाइलच्या स्पीकरवर प्रेक्षकांच्या आरड्याओरड्यात कॉमेंटेटरचा आवाज बुडतो, आणि आपल्याला नेमका तोच हवा आहे.
- इंग्रजी आवाज आणि सबटायटल्स. हिंदी कॉमेंट्रीची मजा वेगळी, ती खुशाल ऐका. पण इथे सांगितलेला अभ्यास रिंगशेजारच्या मूळ टेबलाचा आहे.
- एक वही. तीन रकाने आखा: काय दिसलं, काय सांगितलं, काय सांगितलं नाही. तिसरा रकाना सुरुवातीला रिकामा राहील. राहू द्या.

वेळेचा घोळ इथेच मिटवून टाकू. रॉ अमेरिकेत सहसा सोमवारी रात्री आठला (पूर्व किनाऱ्याच्या वेळेनुसार) सुरू होतो, तेव्हा आपल्याकडे मंगळवारची पहाट झालेली असते: तिकडे उन्हाळा असताना साडेपाच, हिवाळ्यात साडेसहा. अमेरिकेतली घड्याळं मार्चमध्ये आणि नोव्हेंबरमध्ये सरकतात, आपली सरकत नाहीत. थेट बघायला जमणार नसेल तर बघून होईपर्यंत फोनवरच्या सूचना बंद ठेवा. निकाल आधी कळला, तर कॉमेंटेटर जी उत्कंठा बांधत असतो ती तुमच्यापर्यंत पोचतच नाही.

१. ‘खरं की खोटं’ हा प्रश्न पहिल्याच दिवशी निकालात काढा

निकाल आधी ठरलेला असतो. हे कुणी उघडकीला आणलेलं गुपित राहिलेलं नाही. १९८९ मध्ये न्यू जर्सी राज्यात कंपनीने स्वतःच सांगितलं, की आमचा कार्यक्रम म्हणजे मनोरंजन आहे, खेळांसाठीचे सरकारी नियम आणि कर आम्हाला लावू नका.

आपल्याकडे ठरवून केलेल्या कुस्तीला नुरा कुस्ती म्हणतात, आणि हा शब्द शिवीसारखा वापरला जातो. मातीतल्या कुस्तीसाठी ते योग्यच आहे, कारण तिथे प्रेक्षकाला फसवलेलं असतं. रेसलिंगमध्ये मात्र तुम्ही नाटकाच्या तिकिटावर नाटकच बघताय. फरक इतकाच, की इथे पडणाऱ्याची पाठ खरोखर आपटते. शेवट ठरलेला असतो, शरीर खरं असतं, आणि मधल्या जागेत गोष्ट घडते. ती गोष्ट कोण सांगतो हे बघायला आपण निघालो आहोत.

२. दहाबारा शब्द पाठ करा

हे शब्द जगभरचे चाहते तसेच वापरतात, भाषांतर करत बसू नका. फेस म्हणजे ज्याच्या बाजूने प्रेक्षकांनी असावं असा. हील म्हणजे खलनायक. एकाचा दुसरा होणं म्हणजे टर्न. सेल करणं म्हणजे मार लागल्याचं पटवून देणं, आणि बंप म्हणजे ते पडणं. प्रेक्षकांचा एकदम उसळलेला जल्लोष म्हणजे पॉप, खलनायकाला मिळणारा संताप म्हणजे हीट. कोण जिंकणार हे ठरवणारा तो बुकर. ठरवून केलेलं ते वर्क, अचानक खरं झालेलं ते शूट. हे सगळं खरंच आहे असं भासवण्याची जुनी शपथ म्हणजे केफेब.

एवढे पुरे. बाकीचे ऐकता ऐकता येतील.

३. टेबलावर कोण काय करतं ते ओळखा

साधारण दोन किंवा तीन माणसं असतात. एक घडणारी गोष्ट सांगतो: डाव कुठला, कुणावर, यामागे वैर काय. याला प्ले-बाय-प्ले म्हणतात. दुसरा रंग भरतो, आणि पुष्कळदा तो खलनायकाची बाजू घेतो. आपल्याकडच्या कुस्तीच्या मैदानात माइकवरचा निवेदक पैलवानाचं गाव, तालीम, वस्ताद, कुणाचा पठ्ठा हे सांगून जोड लागण्याआधीच वातावरण तापवतो. पहिल्याचं काम बरंचसं तसंच. दुसऱ्याला मात्र आपल्या मैदानात जोड नाही, कारण तो उघडउघड लबाडाची वकिली करतो.

या जोडीचा सर्वोत्तम नमुना म्हणजे गोरिला मॉन्सून आणि बॉबी हीनन. हीननने काहीतरी बेताल बोलावं, मॉन्सूनने वैतागून त्याला झापावं, आणि या सगळ्यात तुम्हाला लढत व्यवस्थित समजावी. पुढच्या काळातली जोडी जिम रॉस आणि जेरी लॉलर. ओक्लाहोमाचा रॉस, काळी काउबॉय हॅट आणि एखादा अन्याय स्वतःवरच झाल्यासारखा चिरकणारा आवाज. माझं मत विचाराल तर त्याच्याइतकं मनापासून चिडणं कुणालाच जमलेलं नाही.

आता हीननचा एक प्रसंग, कारण रंग भरणाऱ्याची खरी ताकद त्यात दिसते. ७ जुलै १९९६, डब्ल्यूसीडब्ल्यू या प्रतिस्पर्धी कंपनीचा बॅश ॲट द बीच. स्कॉट हॉल आणि केव्हिन नॅश यांचा तिसरा साथीदार कोण, हे गूढ होतं. हल्क होगन धावत आला. सगळ्यांना वाटलं, हा आपल्या माणसांना वाचवायला आला. हीनन मात्र ओरडला: हा नक्की कुणाच्या बाजूने आहे? क्षणभरातच होगनने आपल्याच बाजूच्या रँडी सॅव्हेजवर पाय आदळला आणि अमेरिकेतला सर्वांत मोठा नायक खलनायक झाला.

काही चाहते आजही म्हणतात, हीननने रहस्य फोडलं. मला ते पटत नाही. हीननचं पात्र वर्षानुवर्षं होगनचा द्वेष करत आलं होतं. त्या क्षणी त्याने शंका घेतली नसती तर ते पात्र खोटं ठरलं असतं. शिवाय त्याचं बोलणं कानाआड करायची प्रेक्षकांना सवयच लागलेली होती.

४. एकच लढत तीन वेळा बघा

या लेखातली हीच पायरी सर्वांत महत्त्वाची आहे. लढत निवडा: २८ जून १९९८, पिट्सबर्ग, किंग ऑफ द रिंग हा कार्यक्रम, हेल इन अ सेलमध्ये, म्हणजे छत असलेल्या पिंजऱ्यात, अंडरटेकर विरुद्ध मॅनकाइंड, म्हणजे मिक फोली. रक्त आणि दुखापती बघवत नसतील तर दुसरी घ्या, कमीपणा काही नाही.

पहिल्या वेळी आवाज पूर्ण बंद करा. पिंजऱ्याच्या छतावरून, जवळपास सोळा फुटांवरून, एक माणूस खालच्या टेबलावर फेकला जातो. भयंकर आहे, पण नुसत्या चित्रात ते विचित्र आणि थोडं निरर्थक वाटतं.

दुसऱ्या वेळी स्क्रीन उलटी ठेवून फक्त ऐका. देवाच्या साक्षीने सांगतो, याचे दोन तुकडे झालेत, असं रॉस ओरडतो. काही वेळाने पिंजऱ्याच्या छताची जाळी सुटते आणि फोली थेट रिंगमध्ये कोसळतो, तेव्हा रॉस विनवायला लागतो, की कुणीतरी ही लढत थांबवा. आवाजातला बदल वहीत नोंदवा. पहिल्या पडण्याच्या वेळी त्यात धक्का आहे. दुसऱ्या वेळी भीती आहे.

का, ते पडद्यामागच्या माहितीतून कळतं. टेबलावरचं पहिलं पडणं फोली आणि अंडरटेकर यांनी ठरवलेलं होतं, पण रॉसला त्याची कल्पना नव्हती. छत तुटणं तर कुणीच ठरवलेलं नव्हतं. फोलीबरोबर खाली आलेली खुर्ची त्याच्या तोंडावर आदळली आणि दात तुटला. मग टेरी फंक हा जुना रेसलर रिंगमध्ये येतो, अंडरटेकरचा मार खातो आणि त्याचे बूट पायातून निसटतात. गोष्टीत ते मित्रासाठी धावून येणं आहे. प्रत्यक्षात त्यातून फोलीला सावरायला वेळ मिळाला.

तिसऱ्या वेळी चित्र आणि आवाज एकत्र लावून बघा. त्या चिडलेल्या, घाबरलेल्या माणसाच्या आवाजामुळे एका स्टंटला करुणा कशी आली, ते मग मला सांगावं लागणार नाही.

इथे एक खड्डा आहे. नवा माणूस हे बघून ‘जितकं धोकादायक तितकं भारी’ या निष्कर्षाला येतो. असं समजू नका. फोलीने त्या रात्रीची किंमत शरीराने चुकवली. बहुतेक उत्तम लढतींत कुणीही उंचावरून पडत नाही.

५. कॉमेंटेटरच्या कानातला आवाज ओळखा

कॉमेंटेटर हेडसेट घालतो. त्यातून निर्माता सतत बोलत असतो: जाहिरातीला इतके सेकंद, हे वाक्य घ्या, त्याचं नाव पुन्हा सांगा. डब्ल्यूडब्ल्यूईत हा आवाज अनेक वर्षं खुद्द मालक व्हिन्स मॅकमॅनचा असायचा. तो स्वतः १९९७ पर्यंत याच टेबलावर बसून कॉमेंट्री करत होता, आणि मालक तोच आहे हे कित्येक प्रेक्षकांना माहीतही नव्हतं.

एखादं वाक्य बोलणाऱ्याच्या तोंडी बसत नसेल, छापील जाहिरातीसारखं येत असेल, तर ते बहुधा कानातून आलेलं असतं. प्रेक्षकांना ‘डब्ल्यूडब्ल्यूई युनिव्हर्स’ म्हणणं, हॉस्पिटलला ‘स्थानिक वैद्यकीय केंद्र’ म्हणणं, हे असंच वरून आलेलं. असे शब्द वहीत लिहून ठेवा, दोन आठवड्यांत तुमचा कान तयार होईल.

कानातल्या आदेशाने काय होऊ शकतं याचं सर्वांत गाजलेलं उदाहरण ४ जानेवारी १९९९ चं. सोमवारी रात्री दोन कंपन्यांचे कार्यक्रम एकाच वेळी लागायचे. डब्ल्यूसीडब्ल्यूचा नायट्रो थेट होता. डब्ल्यूडब्ल्यूएफचा, म्हणजे आजच्याच डब्ल्यूडब्ल्यूईचा, रॉ आधीच चित्रित झालेला होता, आणि त्यात मिक फोली पहिल्यांदा जागतिक विजेता होणार होता. नायट्रोचा कॉमेंटेटर टोनी शियावोनी याने प्रेक्षकांना ते थेट सांगून टाकलं, वर टोमणा मारला, की याने काय खुर्च्या भरणार आहेत! हे वाक्य त्याला वरिष्ठ एरिक बिशॉफने हेडसेटवरून बोलायला लावलं होतं.

झालं उलटंच. लाखो लोकांनी फोलीला जिंकताना बघायला चॅनेल बदललं. त्या रात्री रॉचं रेटिंग ५.७, नायट्रोचं ५.०. पुढे चाहते फलक घेऊन येऊ लागले: मिक फोलीमुळेच मी या खुर्चीत बसलोय. मला या प्रसंगात शियावोनीबद्दल वाईट वाटतं. वाक्य दुसऱ्याचं होतं, पण आवाज त्याचा होता, आणि लोकांच्या लक्षात आवाजच राहतो.

त्याच रात्री रॉच्या टेबलावर रॉस नव्हता. चेहऱ्याच्या पक्षाघातामुळे तो त्या काळात बाजूला होता. फोलीचा विजय सांगितला मायकल कोलने. ‘तुला जमणार नाही’ असं ज्या ज्या माणसाला सांगितलं गेलं, त्या सगळ्यांचं स्वप्न आज पूर्ण झालं, अशा अर्थाचं तो बोलला. आज इतक्या वर्षांनीही कोल टेबलावर आहे. त्याची तेव्हाची आणि आताची कॉमेंट्री लागोपाठ ऐकून बघा.

६. पडद्याजवळची जागा आणि रेफरी

रेसलर ज्या पडद्यातून बाहेर येतात, त्याच्या लगेच मागच्या जागेला ‘गोरिला पोझिशन’ म्हणतात. गोरिला मॉन्सून तिथे उभा असायचा, त्याचंच नाव पडलं. कार्यक्रम तिथून चालवला जातो.

रिंगमधला रेफरी हा निरोप्या आहे. त्याच्याही कानात यंत्र असतं. किती मिनिटं उरली, कुणाला लागलंय का, शेवटाकडे जायचं का, हे तोच दोघांच्या कानी घालतो. पकड घालून दोघे जमिनीवर बराच वेळ पडलेले दिसले, तर बहुधा दम घेणं आणि पुढचं ठरवणं दोन्ही चाललेलं असतं. नेमकं तेव्हाच कॉमेंटेटर जुन्या वैराची आठवण काढतो. ही जागा ऐका. चांगला कॉमेंटेटर इथे कळतो.

रेफरीने डोक्यावर हातांची फुली केली, तर ती खऱ्या दुखापतीची खूण असते. तरी लगेच खात्री धरू नका, कारण हीच खूण गोष्टीतही वापरून झाली आहे.

७. ठरलेलं बदलतं तेव्हा मागे जाऊन धागा शोधा

पडद्यामागच्या गोष्टींत मला सर्वांत आवडणारा हा भाग. १९ मे १९९६, न्यूयॉर्कचं मॅडिसन स्क्वेअर गार्डन. हॉल आणि नॅश डब्ल्यूडब्ल्यूएफ सोडून डब्ल्यूसीडब्ल्यूत चालले होते. शेवटच्या लढतीनंतर ते, शॉन मायकल्स आणि ट्रिपल एच असे चौघे मित्र, गोष्टीतले नायक-खलनायक, रिंगमध्ये सर्वांसमोर गळ्यात पडले. केफेब उघड मोडली गेली. दोघे जाणारच होते, मायकल्स विजेता होता, म्हणून शिक्षा झाली ट्रिपल एचला. त्या वर्षीची किंग ऑफ द रिंग स्पर्धा त्याच्या वाट्याला येणार होती, ती काढून घेतली.

ती मिळाली स्टीव्ह ऑस्टिनला. २३ जूनला त्याने अंतिम लढतीत जेक रॉबर्ट्सला हरवलं. रॉबर्ट्सचं पात्र तेव्हा बायबलची वचनं सांगायचं. ऑस्टिनचा ओठ त्याच रात्री आधीच्या लढतीत फुटला होता, टाके घालून परत आल्यावर त्याला रॉबर्ट्सच्या त्या धार्मिक बोलण्याबद्दल कळलं, आणि त्याने बायबलमधल्या ‘जॉन ३:१६’ या वचनाची फिरकी घेत ‘ऑस्टिन ३:१६’ म्हटलं. पुढची कित्येक वर्षं ते टीशर्टांवर झळकलं. चार मित्रांची गळाभेट आणि एक फुटलेला ओठ, यांतून एक युग उभं राहिलं. २९ मार्च १९९८ ला रॉसने त्या युगाचं नाव जाहीर केलं: ऑस्टिन पर्व सुरू झालं.

८. आवाज खरा होतो तेव्हा

ही पायरी जड आहे. २३ मे १९९९ ला कॅन्सस सिटीत, छतावरून दोराने खाली येण्याच्या प्रवेशात ओवेन हार्ट कोसळला. टीव्हीवर त्या वेळी आधी चित्रित केलेला भाग चालू होता. त्यानंतर हा कार्यक्रमाचा भाग नाही, हे रॉसला घरच्या प्रेक्षकांना पटवून सांगावं लागलं, आणि काही वेळाने ओवेन गेल्याचंही. आयुष्यभर खोट्याला खरं करून सांगणाऱ्या माणसाने खऱ्याला खरं म्हणून सांगायचं होतं. कार्यक्रम पुढे चालू ठेवला गेला. तो निर्णय मला आजही चूक वाटतो.

दुसरा प्रसंग १० सप्टेंबर २०१२ चा, मॉन्ट्रियल. लढत चालू असताना टेबलावरच जेरी लॉलरला हृदयविकाराचा झटका आला. त्यानंतर कॉमेंट्री थांबली. मायकल कोल मधूनमधून, अगदी साध्या आवाजात, लॉलरच्या तब्येतीची खबर देत राहिला. लढती चालू आणि टेबल मुकं, ही शांतता ऐकलीत तर रोजचा आवाज काय करतो ते समजतं. लॉलर वाचला आणि नोव्हेंबरमध्ये परतला.

९. पडद्यामागच्या कथा ऐकताना सावध राहा

आता तुम्ही पॉडकास्ट आणि मुलाखतींकडे वळाल. वळाच. पण इथे मी स्वतः फसलो होतो. एका निवृत्त रेसलरची मुलाखत ऐकून त्यातली हकिगत मी मित्रांना छातीठोकपणे सांगत फिरलो. वर्षभराने त्याच प्रसंगातल्या दुसऱ्या माणसाची मुलाखत ऐकली, आणि ती नेमकी उलट होती. ज्यांनी आयुष्यभर पात्रं वठवली, त्यांच्या आठवणीतही पात्रं येतात.

म्हणून एका प्रसंगाच्या किमान दोन बाजू ऐका, आणि शक्य असेल तर त्या वेळचं चित्रण बघा. ९ नोव्हेंबर १९९७ चा मॉन्ट्रियलचा प्रसंग सरावाला चांगला आहे. कंपनी सोडून निघालेल्या ब्रेट हार्टने शरणागती दिलेली नसताना मॅकमॅनने घंटा वाजवायला लावली आणि किताब शॉन मायकल्सकडे गेला. त्या काळात ब्रेटवर माहितीपट बनवणारा चमू त्याच्यासोबत होता, त्यामुळे आठवणी ताडून बघायला चित्रण आहे.

कॉमेंट्रीलाही इतिहास समजू नका. १९८७ च्या रेसलमेनिया ३ मध्ये, म्हणजे कंपनीच्या वर्षातल्या सर्वांत मोठ्या कार्यक्रमात, होगनने आंद्रे द जायंटला उचलून आपटलं. आंद्रेला कुणी कधी उचललंच नव्हतं अशी हवा त्याआधी केलेली होती. प्रत्यक्षात खुद्द होगननेच १९८० मध्ये न्यूयॉर्कच्या शे स्टेडियमवर त्याला आपटलेलं होतं. त्या दिवशीचा ९३,१७३ प्रेक्षकांचा आकडासुद्धा कंपनीचाच, आणि त्यावर आजही वाद आहे. गोष्ट म्हणून ती लढत अप्रतिम आहे. वहीत मात्र आकड्यापुढे ‘कंपनी म्हणते’ असं लिहा.

१०. पहिल्या महिन्याचा क्रम

पहिला आठवडा: रेसलमेनिया ३ मधली होगन-आंद्रे, टेबलावर मॉन्सून आणि जेसी व्हेंचुरा. दुसरा: बॅश ॲट द बीच १९९६ चा शेवट. तिसरा: हेल इन अ सेल, वर सांगितल्याप्रमाणे तीन वेळा. चौथा: या आठवड्याचा ताजा रॉ, वही घेऊन.

मध्ये एखाद्या रात्री ६ एप्रिल २०१४ ची रेसलमेनिया ३० मधली अंडरटेकर आणि ब्रॉक लेस्नर यांची लढत लावा. रेसलमेनियात अंडरटेकर तोपर्यंत २१ वेळा जिंकला होता, एकदाही हरला नव्हता. रेफरीची तिसरी थाप पडून लढत संपल्यानंतर हेडफोन काढू नका. कोण बोलतंय, कधी बोलतंय, आणि त्याआधी किती वेळ कुणीच बोलत नाही, ते सेकंदांत मोजून तिसऱ्या रकान्यात लिहा.